पंचवीस वर्षांचा रस्ता आणि निजामुद्दीनची टाकी

गावाचं नाव मी सांगणार नाही. वाशीम-मालेगावच्या टापूतलं आहे, एवढं पुरे. त्या वेळच्या मेंबरांची नातवंडं अजून बाजारात भेटतात, रामराम करतात, आणि या वयात मला कुणाशी भांडण नको आहे. म्हणजे भांडायला माझी ना नाही, पण आता बोलताना दम लागतो.

मी गोविंदसिंग. त्या गावच्या कमेटीत एकतीस वर्षं कारकून होतो. म्युनिसिपालिटीला आमच्याकडे तेव्हा कमेटीच म्हणत. ठराव लिहायचे, नकला करायच्या आणि मेंबर भांडायला लागले की खिडकीबाहेर पाहायचं, हे माझं काम. खिडकीबाहेर बहुतेक वेळा निजामुद्दीन दिसायचा.

निजामुद्दीन कमेटीच्या पाण्याच्या गाडीवर होता. बैलगाडीवर लोखंडी टाकी, मागे भोकं पाडलेली आडवी नळी, आणि दोरी ओढली की त्या भोकांतून रस्त्यावर छिडकाव. उंच, किडकिडीत माणूस. खांद्यावर कायम ओलं फडकं. बैलांशी अदबीनं बोलायचा आणि मेंबरांशी अजिबात बोलायचा नाही, त्यावरून मला तो शहाणा वाटायचा. पाणी टाकण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. धूळ बसली पाहिजे आणि चिखल होता कामा नये, एवढा त्याचा धर्म. टाकी रस्त्याच्या कुठल्या वळणावर किती रिकामी होते, हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा.

कमेटीनं त्याला रस्ता नेमून दिला होता. गावाच्या वेशीवरच्या नाक्यापासून बाजारापर्यंतची मोठी सडक, सकाळी सातला एकदा आणि दुपारी चारला एकदा. आता निजामुद्दीनचं घर होतं रंगारी गल्लीत. ही गल्लीही नाक्यावरून निघून बाजारातच उतरते, फक्त वाकडीतिकडी जाते. तिच्या मधोमध त्याच्या घराचा ओटा, आणि त्या ओट्यावर त्याची बायको हुस्नाबानो उन्हाळाभर शेवया करायची. पाटावर वळायच्या, काठ्यांवर वाळत घालायच्या. अशा बारीक शेवया मी पुन्हा पाहिल्या नाहीत. ईद असो की लग्नसराई, मालेगावपासून तिच्याकडे मागणी असायची.

ती आसेगावची. लग्न होऊन आली त्या पहिल्या उन्हाळ्यात वाऱ्यानं गल्लीतली धूळ उडाली आणि शेवयांवर बसली. एका गिऱ्हाइकाच्या दाताखाली कचकच लागली. तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली होती की, तुम्ही साऱ्या गावाची धूळ मारता, आपल्या दाराची कोण मारणार? दुसऱ्या दिवसापासून निजामुद्दीननं सडक शिंपताना टाकीतलं थोडं पाणी राखलं, आणि दहा वाजता बैल बांधायला कोठ्याकडे नेताना गाडी गल्लीतून घेतली. दोरी ओढली. कमेटीच्या पाण्याची चोरीच ती. पण ज्या गावात मेंबरांच्या बागा कमेटीच्या विहिरीवर हिरव्या राहायच्या, तिथं तिला चोरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुढं काय झालं ते नीट ऐका, कारण पंचवीस वर्षांची योजना त्यावरच उभी राहिली. मालेगावकडून कापूस, ज्वारी, भाजीपाला घेऊन येणाऱ्या गाड्या दहानंतर नाक्यावर पोचायच्या. सातला शिंपलेली सडक तोवर तापून फुफाटा झालेली असायची. गल्ली मात्र नुकतीच ओली, त्यात घरांची सावली. एका गाडीवानानं बैल तिकडं वळवले, त्याच्यामागं दुसऱ्यानं. बैलांच्या खुरांना गार लागलं की बैल आपणहून वळतात, त्यांना ठराव लागत नाही. गाड्या वाढल्या तशी गल्लीत धूळ वाढली. धूळ वाढली म्हणून निजामुद्दीन पाणी जास्त टाकू लागला. पाणी जास्त म्हणून गाड्या आणखी वाढल्या. असे नऊ उन्हाळे गेले. या नऊ वर्षांत हुस्नाबानोच्या शेवयांवर कधी फडकं, कधी लुगडं, कधी सतरंजी पांघरलेली असायची, आणि निजामुद्दीन टाकीतलं निम्मं पाणी दारात ओतायचा, तरी धूळ काही हटेना.

सदतीस साली आमच्या कमेटीला भविष्याचा झटका आला. झटका आणला शालिकराम मेंबरांनी. ते नागपूरला एका लग्नाला गेले होते आणि तिथले रस्ते पाहून आले. अकोल्याची सर्विस मोटार आता रोज गावात येते, उद्या दहा येतील, तेव्हा पुढच्या पंचवीस वर्षांत गावातली वाहतूक कोणत्या रस्त्यानं चालेल हे आजच ठरवा, असं त्यांनी मांडलं. प्रेसिडेंट हिरालालजींना पंचवीस मिनिटांपुढचं बघायची सवय नव्हती. पण ठरावात खर्चाचा आकडा नव्हता, त्यामुळं तो एकमतानं पास झाला. एकच रस्ता निवडायचा, तीस फूट रुंद करायचा, मोटारी आणि गाड्या त्यावरूनच न्यायच्या. कोणता निवडायचा, ते गाड्या मोजून ठरवायचं. मोजायला कोण, तर गोविंदसिंग.

चार दिवस मी सडकेवर मोजलं आणि चार दिवस गल्लीत. सडकेवर उन्हात उभा राहून दिवसाला चाळीस गाड्या भरल्या. गल्लीत मी निजामुद्दीनच्याच ओट्यावर बसलो, कारण सावली तिथं होती. हुस्नाबानोनं चटई टाकून दिली, पाणी दिलं. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं याचे त्या काळी गावात फार नियम होते, पण वैशाखात मला ते आठवत नसत. रोज दहाला निजामुद्दीन समोरून पाणी टाकत जायचा, मला सलाम करायचा, आणि त्याच्यामागं गाड्यांची रांग लागायची. मी रेघा मारत होतो. दिवसाला दोनशे गाड्या. समोरचं पाणी आणि मागची रांग यांचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी मॅट्रिक होतो, हे इथं सांगून टाकतो.

आकडे पाहून कमेटी चकित झाली. ओव्हरसियर भाऊसिंग यांनी गल्लीचा उतार नैसर्गिक असल्याचा शोध लावला. शालिकरामजी म्हणाले की, जनतेनं आपला रस्ता आपणच निवडलेला आहे. मेंबर फुलचंद यांचं धान्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं, त्यामुळं त्यांना जनतेचं फार कौतुक वाटलं. ठरलं की रंगारी गल्ली रुंद करायची, दोन्ही बाजूंचे ओटे पाडायचे. हरकत असेल त्यानं महिनाभरात कळवावं.

चुन्याची रेघ मारायला मीच गेलो होतो. रेघ हुस्नाबानोच्या ओट्याच्या मधून गेली, जिथं मी चटईवर बसून मोजलं होतं बरोबर तिथून. त्या दिवशी तिनं मला पाणी विचारलं नाही. मला लाज वाटली, आणि अजूनही तो चुना आठवला की वाटते.

त्या दिवशी घरात काय झालं ते निजामुद्दीननं मला पुढं कधीतरी सांगितलं. ओटा गेला तर शेवया घालणार कुठं, एवढंच ती विचारत राहिली. मग म्हणाली की, कमेटीत जा आणि पाण्याचं खरं सांगा. खरं सांगितलं तर नोकरी जाणार, हे दोघांनाही माहीत होतं. नेमून दिलेला रस्ता सोडून पाणी टाकल्याबद्दल त्याच्या आधीच्या माणसाला कमेटीनं काढलं होतं.

पुढच्या सभेला निजामुद्दीन खिडकीबाहेर नव्हता, दारात होता. खांद्यावरचं फडकं हातात घेतलेलं. हिरालालजींनी काय काम म्हणून विचारलं.

"साहेब, थ्या गाड्या गल्लीसाठी येत नाई," तो म्हणाला. "पाण्यासाठी येतात. गल्लीत पाणी मी टाकतो. नऊ वर्सं झाली."

"कोणाच्या हुकमानं?"

"घरच्या."

सभा हसली. भाऊसिंग हसले नाहीत. नैसर्गिक उतार त्यांचा होता. ते म्हणाले की, याला आजच्या आज काढा. शालिकरामजींना तर हे पटेचना. पंचवीस वर्षांची वाहतूक एका टाकीच्या दोरीवर चालते, असं त्यांनी नागपुरात कुठं पाहिलं नव्हतं.

"मले आठ दिवस द्या," निजामुद्दीन म्हणाला. "गल्लीत थेंब टाकत नाई. तुमी म्हणसान त्या रस्त्यानं गाड्या आणून दाखवतो. नाई आल्या तं मंग काढा."

हिरालालजींना पैजेचा शौक होता. त्यांनी होकार दिला.

आठ दिवस दहाच्या सुमाराला निजामुद्दीननं सडक भिजवली. गल्ली कोरडी ठेवली. मी नाक्यावर, दोन्ही वाटा दिसतील असा, डोक्याला पंचा बांधून मोजत होतो. पहिले दोन दिवस गाड्या सवयीनं गल्लीत शिरल्या आणि शिव्या देत बाहेर पडल्या. तिसऱ्या दिवशी नाक्यावर बैल थबकायला लागले. सहाव्या दिवशी सडकेवर दीडशे झाल्या. आठव्या दिवशी सडकेवर एकशे नव्वद आणि गल्लीत सतरा, त्यातल्याही दोन वाट चुकलेल्या.

ही बातमी फुटली आणि निजामुद्दीनला माणसं भेटायला येऊ लागली. फुलचंद गुळाची ढेप घेऊन आले आणि दुकानासमोर रोज एक फेरी टाकशील का म्हणाले. हिरालालजींचा निरोप उलटा होता. सडकेवरच्या गाड्यांच्या खडखडाटानं त्यांची दुपारची झोप मोडायला लागली होती, तेव्हा त्यांच्या दारापुढं तेवढं कोरडं ठेवावं. शालिकरामजींनी काहीच मागितलं नाही, पण ते निजामुद्दीनला आधी सलाम करायला लागले. त्यानं गूळ परत केला, निरोपाला हो जी म्हटलं आणि पाणी टाकायचं तिथं टाकलं.

शेवटच्या सभेत भाऊसिंगांनी पुन्हा त्याला काढायचं काढलं. तेव्हा हिरालालजी जे बोलले ते मी ठरावात लिहिलं नाही, पण विसरलोही नाही.

"ज्या मानसानं दोनशे गाड्या वळवल्या त्याले काढता, अन् मंग उद्या गाड्या वळवाले तुमी सोताले जुपून घेता काय, भाऊसिंग?"

निजामुद्दीन राहिला. पंचवीस वर्षांसाठी सडक मुक्रर झाली. ती रुंद करावी, दोन्ही बाजूंना निंब लावावेत, मोटारी तिथूनच न्याव्यात, आणि दहाला तिसरा छिडकाव व्हावा. रंगारी गल्ली आहे तशी राहावी. ओटे वाचले. मात्र भाऊसिंगांच्या समाधानासाठी शेवटी एक कलम घातलं की, या गल्लीत कमेटीच्या पाण्याचा एक थेंबही पडता कामा नये.

ते कलम ऐकून निजामुद्दीनचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला की, ओटा तर राहिला मुनशीजी, पण आता दाराची धूळ कशानं मारू? मी त्याला ठरावाची नक्कल देईन म्हणालो. कारकुनाजवळ दुसरं काय असतं?

पंधरा दिवसांनी नक्कल घेऊन मी गल्लीत गेलो. दुपारची वेळ होती, चाराच्या फेरीला अवकाश होता, म्हणून निजामुद्दीन घरीच होता. ओट्यावर काठ्यांवर शेवया वाळत होत्या, उघड्या. ना फडकं, ना सतरंजी. पांढऱ्याशुभ्र. गल्लीत एक कोंबडी सोडली तर रहदारी नव्हती. पाण्याचा थेंब पडलेला नव्हता आणि धूळ जमिनीवर गुमान बसून होती. हुस्नाबानोनं चटई टाकली, पाणी दिलं. मग खांबाशी उभी राहून ती माझ्याशी बोलली, पण बोलली ते सगळं नवऱ्यासाठी होतं.

"मुनशीजी, तुमी शिकलेले हा. गाड्या नाई तं धूळ नाई. पाणी नाई तं गाड्या नाई. मंग नऊ वर्सं माह्या दारात धूळ आणली कोनं?"

मी निजामुद्दीनकडं पाहिलं. तो खाली पाहत होता. नऊ वर्षं चोरीचं पाणी आणून दारात ओतलेला माणूस, त्याला हे कोडं त्याच क्षणी उलगडलं असावं. तो म्हणाला, "तूच म्हणली होती ना, का आपल्या दाराची कोण मारीन म्हून."

"एकडाव म्हणली होती," ती म्हणाली. "पह्यल्या उन्हाळ्यात. तुमी नऊ वर्सं ऐकून राह्यले."

नवरा ऐकत नाही म्हणून रडणाऱ्या बाया मी गावभर पाहिल्या होत्या. नवरा ऐकतो म्हणून जिचा आवाज असा भरून आला, ती ही एकच. ती आत गेली आणि नव्या शेवयांची दुधागुळातली वाटी घेऊन आली. पाहुणा मी होतो, नक्कल मी आणली होती, हातही मी पुढं केला होता. तिनं वाटी त्याच्यापुढं ठेवली.