बूट कोरडा होता

डोकं भिजलं, पाठ भिजली, डब्यातल्या पोळ्यांचा लगदा झाला तरी पन्नीकाकाला काही वाटायचं नाही. पायाला मात्र पाणी लागता कामा नये. एखादा ट्रक चिखल उडवून गेला आणि बुटात ओल शिरली की हा माणूस सायकल लावून रस्त्याच्या कडेला बसायचा, मोजा काढून पिळायचा, गमछ्याने बोटांच्या बेचक्या पुसायचा आणि मगच पुढे निघायचा. कामाला उशीर झाला तर झाला. "आंग आपोआप वाळते, बाबू," तो म्हणायचा, "पाय नाही वाळत. त्याले वाळवा लागते." मी त्याला समोर नेहमी अहो-जाहो केलं. आज लिहिताना ते हातून होत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही दोघे दुर्गकडच्या कोहक्याचे, आणि कामाला रसमड्याच्या एका ढलाई, म्हणजे लोखंड ओतायच्या, कारखान्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीला आमच्याकडे पन्नी म्हणतात आणि काकाच्या पायात पावसाळाभर पन्नी असायची, म्हणून हे नाव. आधी सुती मोजा, त्यावर पन्नी, त्यावर बूट, आणि घोट्याशी जुन्या ट्यूबचा कापलेला पट्टा. ब्रेडची पन्नी त्याच्या मते फुसकी, दुधाची वास मारणारी, सगळ्यात उत्तम साडीच्या दुकानाची. काकू साडी घ्यायला निघाली की हा सोबत जायचा आणि साडी सोडून पिशवी चाचपून बघायचा. रेनकोटची पँट बुटात खोचणाऱ्यांचा त्याला मनस्वी राग. "वरचं पाणी सरळ बुटात सोडून राहिला. बूट हाये का टाकी हाये?"

सायकलच्या पुढच्या मडगार्डला त्याने रबराचा असा लांब तुकडा जोडला होता की तो रस्ता झाडत जायचा. डबकं आलं की आधी वेग घ्यायचा आणि मग पायडल थांबवून, दोन्ही पाय सारख्या उंचीवर धरून आरपार निघायचं, ही त्याची शिकवण. दुर्गच्या पुलाखाली पाणी तुंबलं की बूट गळ्यात, पँट मांडीपर्यंत आणि सायकल खांद्यावर. पलीकडे गेल्यावर मी त्याच्या खांद्याला धरून एका पायावर उभा राहायचो आणि दुसरा पाय पुसायचो, मग तो माझ्या खांद्याला धरायचा. माझे वडील लवकर गेले. त्यानंतर धरायला मिळालेला तो पहिला खांदा होता, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

कारखान्यात तर ओल हा थट्टेचा विषयच नव्हता. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं की लोखंड उसळून अंगावर येतं. काका आमचा मेट, म्हणजे टोळीचा मुकादम. पावसाळ्यात ओतकामाच्या आधी तो एकेकाला बूट काढायला लावायचा, आत हात घालून चाचपायचा आणि म्हणायचा, "कोरडा. जाय." ज्याचा ओला निघेल त्याने त्या दिवशी भट्टीकडे फिरकायचं नाही, वाळू चाळत बसायचं. पोरं मागून त्याची नक्कल करायची. मी करायचो नाही असं नाही, पण त्याचा हात माझ्या बुटातून निघाला की मी निर्धास्त व्हायचो.

त्याच्या पोरीचं, सुषमाचं लग्न ऐन पावसात झालं. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत. विहाराच्या दारात घोट्याएवढं पाणी आणि नवरदेवाच्या पायात पांढरेशुभ्र बूट. काका भरल्या मांडवातून गेला, खाली बसला आणि जावयाच्या दोन्ही बुटांवर पन्नी बांधली. व्याही खो खो हसले, सुषमा लाजून चूर झाली. मी वाढप्यांत होतो. काकाने मला हाताला धरून व्याह्यांपुढे नेलं आणि सांगितलं, "हा माहा मोठा पोरगा समजा." सुषमा मला दादाच म्हणायची. पुढे काकानेच शब्द टाकून जावयाला कारखान्यात चिकटवलं. ओतकामाआधी वाळूचे साचे जाळ मारून वाळवायचे, हे त्याचं काम.

त्या दिवशीही सकाळपासून पाऊस होता. काकाने माझ्या बुटात हात घातला, "कोरडा" म्हणाला. मग सवयीने साच्यावर तळहात ठेवला आणि तो हात तिथेच राहिला. त्याने जावयाकडे बघितलं. "सूख गया, बाबूजी," जावई म्हणाला. काकाने हात उचलला आणि बाजूला झाला. ज्याला मोज्यातला थेंब कळायचा, त्याला साचा ओला आहे हे कळलं नसेल? लोखंड ओतायला मी पुढे होतो. लोखंड साच्यात पडलं आणि फुटल्यासारखं बाहेर आलं. बूट होता म्हणून पाय राहिला. दोन बोटं गेली.

काका दवाखान्यात रोज यायचा. उशाशी बसून संत्रं सोलायचा, शिरा काढून एकेक फोड माझ्या हातात द्यायचा. कारखान्यात व्हायच्या चौकशीचा विषय त्याने कधी काढला नाही आणि मीही काढला नाही, काढायचं कारणच काय होतं?

चौकशीच्या दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये मला खुर्ची दिली होती, पायाला पट्टी होती. मागे जावई उभा होता. साहेबाने विचारलं तेव्हा काका म्हणाला, "जूता गीला था साहब. उसी का पानी नीचे गिरा. मना किया था मैंने, माना नहीं." माझ्याबद्दल तो कधी हिंदीत बोलला नव्हता. क्षणभर मला वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. "काका?" मी म्हणालो. त्याने मान वळवली नाही. स्वतःच्या हलगर्जीपणाने जखमी झालो असं ठरलं आणि माझं काम गेलं. आमच्या गल्लीतसुद्धा लोक सांगू लागले, पन्नीकाकासारखा गुरू मिळूनही याला अक्कल आली नाही.

पाऊस संपल्यावर तो घरी आला. आईने चहा दिला आणि आत निघून गेली.

"पाय कसा हाये?"

"हाये."

त्याने कपात बघतच एक घोट घेतला. मग म्हणाला, "पोरीच्या लग्नाले सालबी झालं नव्हतं, बाबू. जावयावर केस झाली असती. मी काय करत होतो, सांग?"

मला ओरडायचं होतं. मी हळूच म्हणालो, "काका, दवाखान्यात रोज येत होते तुमी. मले कावून नाही इचारलं? म्हनाचं होतं, बाबू, सुषमासाठी एवढं कर, बूट ओला होता म्हन. मीच म्हटलं असतं साहेबाले. तुमाले खोटं बोला नसतं लागलं."

त्याने कप खाली ठेवला आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं.

"तू हो म्हनशीन असं मले वाटलंच नाही," तो म्हणाला.

खोटं बोलला, ते एखादेवेळी मी पचवलंही असतं. बापाचं काळीज, म्हणून सोडून दिलं असतं. पण इतके पावसाळे माझ्या खांद्याला धरून उभा राहिलेल्या माणसाने मला एवढंच ओळखलं होतं, हे काही मला आजवर पचलेलं नाही.