मी मोडलेली रांग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे रोज हात जोडते, पण हा विषय आमच्यात कधी निघाला नाही — त्यानेही काढला नाही, मीही नाही. आज सांगतेय म्हणजे रडणार आहे, असं मात्र समजू नका. मला तो सूर जमत नाही. तुम्ही ऐका आणि मग काय म्हणायचं ते म्हणा. माझी हरकत नाही.

नव्वदीची पहिली वर्षं. आम्ही पनवेलला खांदा कॉलनीत भाड्याने राहत होतो. मी मुंबईला देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागात होते. महागाई का वाढते, बँका का बुडतात, असल्या प्रश्नांवर कागद काळे करणं हे माझं काम. दिवसभर ‘महागाईचा जोर ओसरत आहे’ असं इंग्रजीत लिहायचं आणि संध्याकाळी पनवेलच्या बाजारात टोमॅटोचा भाव ऐकून भाजीवाल्याशी भांडायचं. हसू येतं ना? मलाही यायचं. पण कॉलनीत माझ्या शब्दाला वजन होतं. सोनं आत्ता घ्यावं का, पैसे पोस्टात टाकावेत की बँकेत — बायका जिन्यात गाठून विचारायच्या आणि मी ऐटीत सांगायचे. मला ते फार आवडायचं.

त्या वर्षी माझ्याकडे छोट्या सहकारी बँकांचा अभ्यास होता. माझं म्हणणं सोपं होतं. लोकांचे पैसे तिजोरीत पडून नसतात, ते कुणाकुणाला कर्जाऊ दिलेले असतात. म्हणून बँक कितीही धडधाकट असू द्या, सगळे ठेवीदार एकाच सकाळी दारात उभे राहिले तर ती कोसळणारच. तोट्यापेक्षा रांगच बँकेला लवकर बुडवते. साहेबांनी पाठ थोपटली होती. आणि आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही — का घेऊ? ते खरंच आहे.

धडधाकट बँकेच्या बाबतीत खरं आहे. एवढंच.

पनवेलच्या बाजारात तेव्हा एक सहकारी बँक होती. नाव सांगत नाही. आमचीही मुदत ठेव तिथेच होती, घर घेण्यासाठी पै-पै करून साठवलेली. एक दिवस ऑफिसात डबा खाताना तपासणीवरून परतलेला एक सहकारी म्हणाला, तुमच्या पनवेलची ती बँक आतून पोखरली आहे. संचालकांनी आपल्याच मेव्हण्या-भाच्यांना कर्जं वाटली आहेत, त्यातलं काही परत येणार नाही. हे बाहेर जाता कामा नये, असंही तो म्हणाला. ते सांगायची गरज नव्हती. असल्या गोष्टींत तोंड शिवून ठेवायचं, हा आमच्याकडे नियमच होता, आणि मी नियमाची पक्की होते.

पक्की? त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, ठेव मोडू या, बिल्डरला आगाऊ पैसे द्यावे लागतील. बिल्डरने काही मागितलं नव्हतं. नवरा बिचारा दुसऱ्या दिवशी बँकेत गेला. मुदतीआधी मोडायची तर वरून मंजुरी लागेल, मंगळवारी या, असं त्याला सांगितलं.

आणि शनिवारीच रांग लागली. कुणाला कशी कुणकुण लागली, देव जाणे. मी बाजारात गेले होते, तर बँकेच्या पायरीपासून पार मटणाच्या दुकानापर्यंत माणसं. त्यात हिरामावशी. ही गव्हाणची कोळीण, आमच्या दारावर मासळी घेऊन यायची. रिकामी पाटी बगलेत धरून उन्हात उभी होती. तिच्या नवऱ्याची आणि मुलाची होडी होती, तिला इंजिन बसवायचं म्हणून तिने या बँकेत पैसे ठेवले होते. इंजिनाचं मी वर्षभर ऐकत होते, आणि आमच्या घराचं ती. मला पाहिल्यावर तिचा चेहरा उजळला. मागच्या बाईला जागा धरायला सांगून ती माझ्याकडे आली.

“ताई, तुमी मोठ्या बँकेत हाय. तुमी सांगा. काढू का ठेवू?”

रांगेतली तोंडं माझ्याकडे वळली. मॅनेजर दारात येऊन उभा होता, तोही बघत होता.

“ठेवा, मावशी,” मी म्हणाले. “काही होत नाही. माझेही इथेच आहेत.”

शेवटचं वाक्य खोटं नव्हतं, बरं का — मंगळवारपर्यंत. हिरामावशीने पदराने तोंड पुसलं आणि ती परत रांगेत गेलीच नाही. तिच्या मागची बाई गेली, मग दोन म्हातारे गेले, दुपारपर्यंत पायरी मोकळी झाली. मॅनेजरने मला आत बोलावून चहा पाजला. मी तो प्याले.

आता तुम्ही म्हणाल, नियम होता, काय करणार बिचारी? तसं म्हणू नका. गप्प बस, असं नियम म्हणत होता. ‘ठेवा’ म्हण, असं तो कुठे म्हणत होता? ‘मला नाही माहीत’ म्हणून मला पुढे जाता आलं असतं. दुसरा कुणी म्हणेल, बाईचा आपल्या अभ्यासावर विश्वास होता, तिला बँक वाचवायची होती. पुष्कळ वर्षं मीही स्वतःला हेच सांगत आले. छान वाटतं ऐकायला. पण मेलेल्या बँकेला अफवेपासून काय वाचवायचं? — मला रांग मोडायची होती, कारण ती चालू राहिली असती तर दोन दिवसांत तिजोरी रिकामी झाली असती आणि मंगळवारी माझ्यासाठी काही उरलं नसतं. सगळी विद्या मी तेवढ्यासाठी वापरली. माझा सिद्धांत इतका चोख उपयोगी पडलेला दुसऱ्या कुणी पाहिला नसेल.

मंगळवारी आमचे पैसे मिळाले. पुढे काही आठवड्यांत बँकेवर निर्बंध आले आणि दाराला कुलूप लागलं. नवरा आजही म्हणतो, आपलं नशीब जोरावर होतं. त्या पैशांतून घेतलेल्या घरातच बसून मी हे सांगतेय. चोर तो चोर, वर शिरजोर — म्हणा खुशाल. घर मी सोडणार नाही.

हिरामावशीचे पैसे बुडाले नाहीत, तिला ते ठेवींच्या विम्यातून मिळाले. पण किती वर्षांनी. तोवर तेवढ्यात इंजिन येत नव्हतं. पैसे तितकेच राहिले आणि भाव पुढे गेले, हे मला कुणी समजावायला नको. माझा तो विषयच आहे. तिचा मुलगा केव्हाच बंदरात हमालीला लागला होता.

पण ते नंतरचं. कुलूप लागलं त्याच आठवड्यात ती सकाळी दारात आली. मी दार उघडतानाच कंबर कसली होती. ती तोंड सोडेल, शिव्या देईल, सारी कॉलनी गोळा करेल. माझी उत्तरं तयार होती — नियम, अफवा, सगळं. तिने पाटी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं.

“तुमचं पन गेलं ना गो बाय, सगलं?”

बघा, सांगायचं होतं ते हे. शनिवारचं एक वेळ मी निभावून नेईन, तुमच्याशी त्यावर वादही घालेन. पण त्या सकाळी मला कसली भीती होती? मंगळवार उलटून गेला होता. पैसे हातात होते. कुणाला काही कळलेलं नव्हतं. मला काहीच वाचवायचं नव्हतं.

“गेले, मावशी,” मी म्हणाले.

तिने डोळ्यांना पदर लावला — माझ्यासाठी. शिकलेल्या माणसालाही फसवलं मेल्यांनी, असं म्हणत उंबऱ्याशी बसली, माझ्या हातावरून हात फिरवला. दिवसाची पहिली विक्री, भवानी, कोळीण कधी फुकट करत नाही. दिवस वाया जातो म्हणतात. त्या सकाळी तिची भवानी व्हायची होती. तिने पाटीतली दोन मोठी पापलेटं काढली. मी पाकीट आणायला वळले तर म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. तुमचं घर व्हायचं हाय अजून.”

मी ताट पुढे केलं. दुपारी पापलेटं तळली, मुलांना काटे काढून भरवली, आणि मग मीही जेवायला बसले.