विकलेल्या लूमची घरपट्टी

घरपट्टीचं बिल आलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "भरून टाक बाय. त्यांच्या नादी कोन लागनार?" तेव्हाच ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण मी गोदामाच्या ऑफिसात दिवसभर बिलं आणि पावत्या तपासते. चूक दाखवून दिली की ती दुरुस्त होते, असं मला तेव्हा वाटायचं.

आणि बिल चुकीचंच होतं. कामतघरच्या आमच्या घराची पुढची खोली त्यात 'बिगरनिवासी, यंत्रमाग' म्हणून लावली होती. त्या खोलीत बाबांचे दोन लूम होते हे खरं. आई सुताच्या कांड्या भरायची, बाबा लूम चालवायचे, आणि मी त्याच खडखडाटात अभ्यास करायचे. पण आई गेली त्या वर्षी बाबांनी दोन्ही लूम भंगारात विकले. तेव्हापासून तिथे त्यांची खाट आणि टीव्ही. टीव्हीसुद्धा नुसता बघण्यापुरता, कारण तीस वर्षं लूमवर काढून त्यांचे कान गेलेत.

मी महापालिकेत हरकतीचा अर्ज केला. सोबत घरगुती लाइटबिल आणि खोलीचे फोटो जोडले. सुनावणीला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. घर त्यांच्या नावावर, त्यामुळे साहेबांनी त्यांनाच विचारलं, "लूम बंद कधी केले?"

बाबांना ओठांवरून थोडंफार कळतं. पण साहेब मान खाली घालून फाइल चाळत बोलत होते. घरात माणसं किती असं विचारलंय, असा बाबांनी अंदाज केला. "दोन हायेत साहेब," ते अदबीने म्हणाले.

साहेबांनी ते लिहून घेतलं.

"अहो, त्यांना ऐकू येत नाही," मी म्हटलं. "घरात दोन माणसं आहेत असं सांगतायत ते. लूमनेच कान गेलेत त्यांचे."

"त्याचं सर्टिफिकेट आहे?"

नव्हतं. भंगारवाल्याची पावतीही नव्हती. फोटो काय, कुठल्याही खोलीचा काढता येतो, असं साहेब म्हणाले. शेजारच्या दोघांचे सहीनिशी जबाब आणा, मग इन्स्पेक्टर येऊन बघेल.

शेजारच्या काकांना लूम चालवायला बाबांनीच शिकवलं होतं. त्यांचे चार लूम आजही चालतात आणि कागदावर त्यांचं घर निवासी आहे. मी जबाबाचा कागद घेऊन गेले. काकांनी चहा पाजला, कागद दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला.

"पोरी, तुझा बाप मला भावासारखा हाय. पन मी सही केली की त्यांचा मानूस माझ्या दारात उभा ऱ्हाईल. मंग मी काय दाखवू त्याला?"

आत लूम चालू होते, त्यामुळे एवढं सगळं त्यांना ओरडून सांगावं लागलं. पलीकडच्या घरातल्या माणसाने "हम तो किरायेदार हैं, मैडम" म्हणून दार लावून घेतलं. बाबांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. सह्यांची गरज पडली नाही म्हटलं.

इन्स्पेक्टर जबाबांशिवायच आला. खाट, कपाट, टीव्ही, कशाकडे त्याने पाहिलं नाही. खाटेखाली वाकला आणि जमिनीत पक्के बसवलेले जाड बोल्ट दाखवले. लूमचे पाय त्यांना आवळलेले असायचे. "पाया तर शाबूत आहे. उद्या लूम आणून ठेवाल," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर खाट बाहेर पडवीत, आणि सत्तरी ओलांडलेले बाबा छिन्नी-हातोडी घेऊन जमिनीवर बसलेले. एक बोल्ट काँक्रीटसकट उखडून बाजूला ठेवला होता. मी हातोडी धरली, मिस्त्री बोलावते अशी खूण केली. त्यांनी माझा हात बाजूला सारला. चार दिवस ते खोदत होते. तळहाताला फोड आले, त्यावर फडकं बांधून पुन्हा बसले. मी कामावर जात राहिले.

इन्स्पेक्टर परत आला. खड्डे बघून त्याने मान हलवली. मग टेप काढला, मागच्या बाजूला गेला आणि आईच्या आजारपणात बांधलेली पत्र्याची मोरी मोजून घेतली.

निकालाचं पत्र आलं. पुढची खोली निवासी झाली होती, पण या वर्षापासून. आधीची आकारणी कायम, तिच्यावर व्याज. शिवाय मोरी वाढीव बांधकाम म्हणून चढवलेली. आता भरायचा आकडा पहिल्या बिलापेक्षा मोठा होता.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. "झालं ना निवासी?"

पत्रातल्या तेवढ्याच ओळीवर मी बोट ठेवलं आणि मान डोलावली. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. पहिला मान काकांचा. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. घरपट्टी मी मोबाइलवरून माझ्या पगारातून भरते. बाबांनी विचारलं की निम्मी झाली म्हणून सांगते.

गेल्या महिन्यात नारपोलीहून एक बाई आल्या. नवरा वारलेला, लूम विकलेले, बिल मात्र तसंच. कुणीतरी त्यांना बाबांकडे पाठवलं होतं. बाबांनी त्यांना खुर्ची दिली, त्यांचं बिल डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि बोलायला लागले. आई गेल्यापासून इतकं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"घाबरायचं न्हाय. अर्ज टाकायचा. आधी जमीन खोदून टाका, मंगच त्यांना बोलवा. आमचं झालं, तुमचं पन व्हईल."

बाई एका जुन्या वहीत लिहून घेत होत्या. मी चहा घेऊन बाबांच्या पाठीमागे उभी होते. बोलले असते तरी बाबांना कळलं नसतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना साखर पुरेशी आहे का विचारलं आणि आत गेले.