भिंतीची तब्येत

आमच्या भिंतकाकांना कुणाच्याही घरी न्या, यजमानांना नमस्कार करण्याआधी ते भिंतीला हात लावायचे. चपला काढता काढताच उजवा तळवा भिंतीवर टेकायचा, डोळे मिटायचे आणि मग बोटाच्या सांध्याने टकटक. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते आमच्या समोरच्याच दारात राहायचे. मी लग्न होऊन दिल्लीत आले, त्याच आठवड्यात हे उंच, किंचित वाकलेले गृहस्थ विरजण मागायला आले, आमच्या भिंतीची विचारपूस केली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नवी दिसतेस." मला वाटलं, भिंतीलाच म्हणताहेत!

सरकारी इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात ते ड्राफ्ट्समन होते. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे संध्याकाळचं जेवण बहुतेक आमच्याकडे. आमचे हे त्यांची चेष्टा करायचे, "काय काका, ताप आहे का हो आमच्या भिंतीला?" काका आमटी ओरपत अगदी गंभीरपणे सांगायचे, "ताप नाही. सिमेंटची आहे ना, गप्प गप्प असते बिचारी." खरी भिंत चुन्याची, असं त्यांचं म्हणणं. चुना श्वास घेतो, जमिनीतून चढलेली ओल हळूहळू बाहेर सोडतो, उन्हात वाळतो, पुन्हा ताजातवाना. "घाम येतो तो माणूस ठणठणीत. ज्याचा घाम कोंडला, त्याची काळजी करायची," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की पोरांना ताप आला तरी मला तेच आठवायचं.

माझं शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. हवेल्यांबद्दल जे काही कळतं ते काकांच्या मागे चालून. रविवारी हे झोपायचे आणि मी काकांबरोबर बसने जुन्या दिल्लीला जायचे. खारी बिस्किटासारखी पातळ ती लखोरी वीट त्यांनीच दाखवली. रस्त्यावरच्या माणसाची नजर थेट अंगणात जाऊ नये म्हणून दरवाजातून आत गेल्यावर वाट कशी वळवलेली असते, तेही. जुन्या चुन्यात विटांची भुकटी, गूळ, उडदाची डाळ, बेलफळाचा गर घालत, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अच्छा, म्हणजे भिंतीला फराळच की!" तर म्हणाले, "मग? उपाशी भिंत उभी राहील का?"

या भटकंतीतच हकीमसाहेब भेटले. तुर्कमान दरवाजाच्या आतल्या गल्लीत त्यांची हवेली होती, तळमजल्याच्या बैठकीत ते रोगी तपासायचे. काकांचा जुना खोकला घेऊन आम्ही गेलो. हकीमसाहेबांनी नाडी बघायला हात पुढे केला आणि काकांचा हात आपला भिंतीवर!

"जनाब, मरीज़ आप हैं या दीवार?"

"दोनों," काका म्हणाले.

हकीमसाहेब इतके हसले, की त्यांनाच ठसका लागला. तेव्हापासून दोघांची गट्टी. दर रविवारी हकीमसाहेब काकांची नाडी बघायचे आणि काका त्यांच्या हवेलीची. "आइए, दीवारों के हकीम," असं त्यांचं स्वागत व्हायचं. हकीमसाहेबांची एकुलती मुलगी चहा आणायची आणि मुद्दाम विचारायची, "चचा, आज किसकी तबीयत ज़्यादा ख़राब है?" कितीतरी वर्षं असं चाललं. मला वाटायचं, असंच चालणार.

मग त्या मुलीचं लग्न ठरलं. त्याच सुमाराला काकांचे भाऊ आजारी पडले म्हणून काका दोन-अडीच महिने सांगलीला होते. परत आले त्याच रविवारी आम्ही गेलो, तर बैठक ओळखू येईना. चारी भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत पिस्ता रंगाचा ऑइल पेंट. हकीमसाहेब नवरदेवासारखे खुशीत. "देखिए, पक्का करवा दिया!" काकांनी तळवा टेकवला. मे महिना होता, बाहेर पाय भाजत होते. काकांनी हात काढला आणि माझ्यासमोर धरला. तळवा ओला होता.

"हकीमसाहब, आपने इसका मुँह बंद कर दिया," काका म्हणाले. मग कधी नव्हे ते समजावत बसले. ओल आता बाहेर पडणार नाही, आतला चुना भुसभुशीत होणार, भिंतीला पोट सुटणार. पाऊस सुरू व्हायच्या आत हा गिलावा उतरवा. हकीमसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "निकाह हो जाने दीजिए। लड़केवाले देखकर ख़ुश हुए हैं। फिर आप दीवार को जितना चाहें खुरच लीजिएगा।"

काका पुढच्याच रविवारी सुतार घेऊन गेले आणि बैठकीत टेकू लावले. चांगल्या जाडजूड लाकडी बल्ल्या, छताच्या तुळयांखाली आणि गल्लीकडच्या भिंतीला तिरक्या. हकीमसाहेब त्या बल्ल्यांमधून वाकून ये-जा करायचे आणि रोग्यांना सांगायचे, "घबराइए नहीं, ये मेरे दोस्त की बैसाखियाँ हैं।" पण टेकू त्यांनी राहू दिले. निकाह दुसऱ्या ठिकाणी झाला, व्यवस्थित पार पडला. आम्ही बिर्याणी जेवून आलो. बाहेर पाऊस चांगलाच लागला होता.

राहिली होती चौथी. लग्नानंतर चौथ्या दिवशी मुलगी माहेरी येते, तिच्याबरोबर सासरची माणसं जेवायला येतात, ती त्यांच्याकडची रीत. आदल्या संध्याकाळी हकीमसाहेब स्वतः रिक्षाने आमच्या क्वार्टरवर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काकांच्या खोलीत खुर्ची होती तरी बसले नाहीत.

"बस एक दिन के लिए हटवा दीजिए," ते म्हणाले. "समधी पूछेंगे, घर गिर रहा है क्या? मेहमान क्या कहेंगे?"

मी दारात चहा घेऊन उभी. भिंतीच्या बाबतीत हा माणूस ऑफिसातल्या साहेबांचंसुद्धा ऐकत नसे. पण समोर दोस्त उभा होता, मुलीचा बाप, हात जोडून.

"एक दिन," काका म्हणाले. "परसों सुबह मैं ख़ुद लगाऊँगा।"

टेकू त्यांनी स्वतःच्या हातांनी काढले आणि बल्ल्या तुर्कमान दरवाजाबाहेरच्या वखारीत ठेवल्या. जेवण झालं, पाहुण्यांनी पिस्ता रंगाचं कौतुक केलं, सगळे खूश. रात्रभर पाऊस पडत होता. सकाळी वखारीत सुतार आला नाही, तेव्हा काकांनी कुणाची वाट न बघता सायकलरिक्षा केली आणि बल्ल्या आडव्या टाकून निघाले. मीही बरोबर होते. मुलगी दुपारी सासरी परतणार होती, तिची ओटी भरायला खण घेतला होता. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा अडली. गर्दी होती आणि पावसातही धूळ दिसत होती. काका उतरले, एक बल्ली खांद्यावर घेतली आणि "हटो, हटो, टेका लगाना है," असं ओरडत पुढे गेले. लोकांनी त्यांना वाट दिली. टेकू लावायला काही उरलंच नव्हतं. वरच्या मजल्यावरची माणसं मागच्या जिन्याने सुखरूप निघाली होती. हकीमसाहेब मात्र सकाळी लवकर बैठकीत येऊन बसायचे, पहिला रोगी यायच्या आधी.

त्यांना बाहेर काढलं तेव्हा मुलगी तिथेच उभी होती, हातावरची मेंदी अजून ताजी. ती रडत नव्हती. काकांकडे बघून तिने एवढंच विचारलं, "चचा, आपको तो पता था। फिर बल्ली क्यों हटाई?"

काकांच्या खांद्यावर ती बल्ली तशीच होती. माझ्या हातात खण.

उरलेली हवेली पुढे पाडली, तिथे चार मजली फ्लॅट झाले. काका ऑफिसला जात राहिले, आमच्याकडे जेवत राहिले, पण भिंतीला हात लावणं बंद. दारातून आत येताना हात खिशात घालायचे. खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध बसायचे. एकदा दिवाळीत न राहवून मी म्हटलं, "काका, आमच्या भिंतीची तब्येत विचारत नाही हल्ली?" ते म्हणाले, "कळतं गं अजून. म्हणूनच हात लावत नाही."

रिटायर झाल्यावर ते सांगलीला पुतण्याकडे निघाले. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले, पहाडगंजच्या बाजूने. ऑटो एका जुन्या दुमजली घरासमोरून चालली होती. सुंदर दगडी छज्जा, खाली लखोरी विटा उघड्या, आणि एक गवंडी त्यांच्यावर सिमेंट थापत होता. काकांनी ऑटो थांबवली. "काका, गाडी चुकेल!" मी म्हणतेय तोवर ते उतरलेसुद्धा. मालकाला समजावू लागले, चुना, ओल, घाम, सगळं. मालक चांगला होता, हसून म्हणाला, "अंकल, होटल खोल रहे हैं। ऐसी दीवार देखेंगे तो मेहमान क्या कहेंगे?"

काका बोलता बोलता थांबले. मग खिशातला हात काढला आणि जिथे अजून सिमेंट चढलं नव्हतं तिथे तळवा टेकवला. डोळे मिटले. टकटक केली नाही. बऱ्याच वेळाने परत येऊन बसले आणि ऑटोवाल्याला म्हणाले, "चलो।" गाडी मिळाली. डब्याच्या खिडकीतून त्यांनी नुसता हात वर केला, तळव्याला विटेची लाल भुकटी लागलेली. सांगलीला ते फार वर्षं राहिले नाहीत.

आता मी गुरुग्रामला लेकाकडे असते. पहाडगंजच्या बाजूला काही काम निघालं, की मेट्रोतून उतरून त्या हॉटेलवरून मुद्दाम जाते. छज्जा गेला. भिंतीवर चकचकीत टाइल्स आल्या. मी दोन टाइल्सच्या सांध्यावर तळवा टेकते. काकांचा कान मला नाही, काही कळत नाही. दारावरचा गार्ड मला ओळखतो आता. "माताजी, फिर आ गईं?" म्हणतो. मी म्हणते, "बस बेटा, तबीयत पूछने।" तो हसतो.

गेल्या मे महिन्यात गेले होते. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. भिंतीवरचा हात काढला आणि बघितलं, तर तळवा ओला.

गार्ड नेहमीसारखा हसायला लागला. मी म्हटलं, "हँसो मत. मालिक को बुलाओ. और उनसे कहना, मेहमान कुछ भी कहें, आज मैं यहाँ से हिलूँगी नहीं."