गाडीतळाची फी

बायकांच्या राखीव जागेवर मी ग्रामपंचायतीत निवडून आले, तेव्हा कारेगावच्या बाजूला कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या. आमचं गाव हायवेला लागूनच. पंचायतीच्या मोकळ्या जागेत शिरूरला आणि कंपन्यांकडं माणसं नेणाऱ्या वडापच्या जीपा लागायच्या, आणि त्यांच्या मागं कंपनीत माल उतरवायची वाट बघणारे ट्रक. ट्रकांनी ती जागा पार उकरून टाकली होती. त्यातले बरेच ट्रक आमच्या उपसरपंचांचे.

त्या जागेवर फी बसवायचं ठरलं, तर उपसरपंचांनी ठराव आणला फक्त जीपांवर. जीपवाल्यांत माझा सख्खा दीर होता. फीला हात वर करायचा नाही, असं सासूबाईंनी निघतानाच बजावलं होतं. मी मीटिंगमध्ये बोलले ते वेगळंच. फी घ्यायची तर ट्रकांचीही घ्या, आणि जास्त घ्या. खड्डे त्यांनीच पाडलेत.

उपसरपंच माझ्याकडं न बघता ग्रामसेवकाला म्हणाले, "मेंढरं वळणाऱ्यांनी आता आम्हाला रस्ते शिकवायचे व्हय?"

आमची मेंढरं सासऱ्यांच्या काळातच गेली होती, पण हे ऐकवायला गावाला निमित्त लागत नसे. अंगाची आग झाली.

"बाजारात मेंढरं उभी करायची तर आम्ही पावती फाडत होतो, आप्पा," मी म्हणाले. "तुमचा ट्रक फुकाट का उभा ऱ्हातो?"

उपसरपंचांवर खार खाऊन असलेल्या सदस्यांनी माझ्या बाजूनं हात वर केले. जीप आणि ट्रक, दोन्हींवर फी बसली.

घरी दीर उंबऱ्यातच उभा होता. "वयनी, तुम्ही घरातल्या की पंचायतीतल्या?" एवढंच विचारून तो न जेवता निघून गेला. जीपवाल्यांनी मग शिवेबाहेर, ओढ्यापलीकडच्या ढाब्यासमोर गाड्या लावायला सुरुवात केली. कंपनीत जाणाऱ्या बायांना तिथवर हायवेच्या कडेनं चालावं लागे. त्यांचा राग माझ्यावर. मी नळावर गेले की बोलणं बंद व्हायचं.

एका दुपारी मी रस्त्यावर उभी असताना दिराची जीप आली. पुढची सीट रिकामी होती. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि गाडी पळवली. मी उन्हातून चालत गेले, मनातल्या मनात त्याला शिव्या घालत.

इकडं ट्रकवाले पावती फाडणाऱ्या शिपायाला हुसकून लावत होते. शेवटी मीच एका ट्रकसमोर बसकण मारली. ड्रायव्हर हिंदीत वाट्टेल ते बोलला, हॉर्न वाजवत राहिला. मी हलले नाही. पैसे दिल्यावरच उठले.

पुढं ढाबेवाला जीपवाल्यांकडं पंचायतीपेक्षा जास्त मागायला लागला, तेव्हा ते कुरकुरत परत आले. फीच्या पैशातून जागेवर मुरूम पडला, बायांसाठी पत्र्याची शेड झाली. शेडचा नारळ उपसरपंचांनी फोडला. मला निरोपसुद्धा नव्हता.

दिरानं त्याच सुमारास चूल वेगळी केली. सासूबाई त्याच्याकडं राहायला गेल्या. जाताना म्हणाल्या, गावाचं भलं करायला घर मोडलंस. मी त्यांना थांबा म्हणाले नाही.