कुंदाताईंचे कंस

कुंदाताई पाटील कॉम्प्युटरशी भांडायच्या, आणि तेही आगरी बोलीत. नवी मुंबईत महाप्याच्या त्या ऑफिसात मी पहिल्या दिवशी शिरले तेव्हा एसीच्या गारठ्यात सगळे कानात इअरफोनची बोंडं घालून गप्प बसले होते आणि कोपऱ्यातून आवाज येत होता, "असा कनाला करतस रं? मी बोलली काय, तू मना देतस काय?" कनाला म्हणजे कशाला, हे मला मागाहून कळलं; तेव्हा वाटलं, बाई फोनवर धाकट्या भावाला झापतायत. जवळ गेले तर समोर नुसती स्क्रीन. इतक्या मायेनं बोलणी खाणारा प्रोग्राम मी तोवर पाहिला नव्हता.

आमची कंपनी छोटी. बंदरातला कुठला कंटेनर कुठल्या ट्रेलरवर कधी चढवायचा हे ठरवणारा प्रोग्राम आम्ही सांभाळायचो. तो लिस्प नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेला. या भाषेत सगळं कंसात असतं, कंसाच्या पोटात कंस, त्याच्या पोटात आणखी. मी कॉलेजातून दोन-तीन नव्या भाषा शिकून आलेली, त्यामुळे जरा शिष्टच. पहिलं पान उघडलं आणि गरगरलंच मला. शेवटच्या ओळीत बंद होणाऱ्या कंसांची ही रांग! मी स्क्रीनवर बोट टेकवून ते मोजायला लागले, तसा कुंदाताईंनी माझा हात बाजूला केला.

"कंस मोजू नको पोरी. ते मोजायला एडिटर हाय. तू सगल्यात आतला शोध."

मी शोधला.

"आता तेवढाच चालव."

एवढासा तुकडा सुटा चालवता येतो हेच मला ठाऊक नव्हतं. खालच्या पट्टीत लगेच उत्तर आलं. मग त्याच्या बाहेरचा कंस, मग त्याच्या बाहेरचा. प्रत्येक ठिकाणी थांबून काय आलं ते बघायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते अख्खं पान मला वाचता यायला लागलं होतं. कुंदाताईंनी शाब्बास वगैरे काही म्हटलं नाही. "चालवून बघितलंस ना? मग आता बोल," एवढंच म्हणाल्या आणि डब्यातला सुका जवळा माझ्या ताटात वाढला. मीटिंगमध्ये साहेब लांबलचक बोलायला लागले की त्यांनाही हेच ऐकावं लागायचं, "साहेब, चालवून बघितलंत का?"

त्यांचा एडिटर म्हणजे इमॅक्स. तोही बराचसा लिस्पमध्येच लिहिलेला, म्हणून त्यात बसून काम करता करताच त्याला बदलता येतं. एखादं बटण आवडलं नाही, बदला. एखादी सोय नाही, चार ओळी लिहा, त्या चालवा, झाली सोय. बंद करून उघडायचीही गरज नाही. मला सुरुवातीला हात लावायची भीती वाटायची. "आपलं घर हाय हे, भाड्याचं नाय," त्या म्हणायच्या. "खिला ठोकायला कोनाला इचारतेस?" आणि एकच काम मी पुन्हा पुन्हा हातानं करताना दिसले की पाठीत धपाटा. "तेच तेच हातानं करतेस म्हंजे तू येडी हायस. त्याला एक नाव दे आनि मोकली हो." म्हणजे ते काम एकदा लिहून ठेवायचं, पुढे नुसतं नाव घेतलं की झालं.

एकदा भर दुपारी तो कंटेनरचा प्रोग्राम एकाच ट्रेलरला दोन-दोन कंटेनर द्यायला लागला. बंद करावा तर सकाळपासूनची सगळी मांडणी पुसली जाणार, आणि बंदराच्या गेटवर ट्रेलरची रांग लागलेली. साहेबांचा चेहरा पांढराफटक. कुंदाताईंनी आपल्या एडिटरातूनच चालत्या प्रोग्रामला जोडून घेतलं, बिघडलेला तुकडा शोधला, नवा लिहिला आणि तेवढा एकच कंस चालवला. प्रोग्राम क्षणभरही थांबला नाही. पुढचा कंटेनर आला तो योग्य ट्रेलरवर. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले, खोटं नाही सांगत. त्या मात्र स्क्रीनला म्हणाल्या, "असा सरल वाग ना."

मग त्यांची जीभ जड झाली. आधी आम्हाला वाटलं दाढ दुखत असेल. पुढे पुढे फोनवर लोक त्यांना सारखं "काय? काय म्हणालात?" विचारायला लागले. तपासण्या झाल्या, आणि एका संध्याकाळी कुंदाताईंनी मला कॅन्टीनमध्ये बसवून एकेक शब्द ओढत सांगितलं, "नसांचा आजार हाय. जीभ पहिली जानार. मग हात. डोकं तेवढं शेवटपर्यंत." मला रडू फुटलं. त्या म्हणाल्या, "रडून झालं की सांग. काम हाय."

काम म्हणजे वाचा गेल्यावरही आईशी बोलता येईल अशी सोय करणं. बोनकोड्याच्या गावठाणातल्या घरात त्या आणि त्यांची आई अशा दोघीच राहायच्या. सगळा गाव आईला आये म्हणतो. आयेचं आयुष्य मिठागरात आणि खाडीवर गेलेलं, अक्षरओळख नाही. त्यामुळे कुंदाताईंनी लिहून दाखवायचं म्हटलं तरी उपयोग शून्य. या मायलेकींचं सगळं प्रेम भांडणात. चहा गोड झाला, भांडण. गॅस मोठा ठेवला, भांडण. खाली गल्लीत ऐकू जायचं.

कुंदाताईंची वाचा पुरती गेली तेव्हा त्यांचा भाऊ विलास नावड्याहून एक टॅब घेऊन आला. त्यात चित्रं होती. चित्रावर बोट ठेवलं की गोड आवाजात एक बाई बोलायची, "कृपया मला पाणी द्यावे." आये ताडकन उठली, डोक्यावर पदर घेतला आणि टॅबला म्हणाली, "देते हां बाय, बसा तुमी." पाणी दिलं आणि कोणी परकी बाई घरात आल्यासारखी दाराशी अवघडून उभी राहिली. पुढचे कित्येक दिवस ती लेकीशी तशीच वागत होती, जपून, हळू आवाजात. भांडण तर सोडाच. त्या घरात इतकी शांतता मला सहन व्हायची नाही. कुंदाताईंनी टॅब उपडा करून ठेवला आणि लॅपटॉप मांडीवर ओढला.

मी शनिवारी शनिवारी खारघरहून जायची. मदत कसली, बघायलाच जायची म्हणा. कुंदाताईंनी आधी, दोन अक्षरं दाबली की लॅपटॉप पुरं वाक्य बोलेल, अशी सोय केली. आवाज त्या परक्या बाईचाच, पण वाक्यं आगरी, आयेच्या ओळखीची. तेवढ्यानं भागेना. भांडणात वाक्य तयार ठेवून चालत नाही, समोरचा काय बोलेल त्यावर पुढचं ठरतं. मग त्यांनी तुकडे पाडले. रागवायचा एक कंस, विनवायचा एक, टोमणा मारायचा एक, आणि त्यांच्या पोटात काहीही घालता यावं, साखर, गॅस, विलास, डॉक्टर. त्या नुसतं टोमण्याच्या पोटात चहा घालायच्या आणि लॅपटॉप बोलायचा, "साकरंचा कारखाना काडलास काय गं आये?" आये दचकून बघायची, हसायची, पण उलट बोलायची नाही. अजून उशीर होत होता. शब्द निघेपर्यंत आये स्वयंपाकघरात गेलेली असायची.

आणि बोटं जात होती. एका शनिवारी करंगळी उठेना, पुढे कधीतरी उजवा हातच. दर वेळी कुंदाताई उरलेल्या बोटांनी एडिटर बदलायच्या, हातातून गेलेली बटणं जवळ आणून ठेवायच्या. जे बोट आज काम करतंय त्यानं, ते उद्या नसेल तेव्हाची तयारी. मी शेजारी बसून बघायची. एवढं शांत धैर्य मी त्याआधी कुणाचं पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

दरम्यान विलासनं ठरवलं की आयेला नावड्याला न्यायचं आणि ताईसाठी बाई ठेवायची. वाईट नव्हता तो, थकला होता. रविवारी सकाळी तो आला, आदल्या रात्री मुक्कामाला राहिल्यानं मी तिथेच होते. "आये, ताईला आता काय बोलता येत नाय, काय कलत नाय. तू हितं एकटी बसून काय करनार? पिशवी भर," तो म्हणाला. आयेनं कुंदाताईंकडे पाहिलं. कुंदाताईंचं एक बोट हलत होतं. आये मान खाली घालून म्हणाली, "बरा बाबा. तू म्हनतस तसा." बोल ना कुंदाताई, मी मनात म्हणत होते, आत्ता बोल.

"थांब गं," लॅपटॉप म्हणाला. एवढा मोठा आवाज त्यातून मी कधी ऐकला नव्हता. एका बटणावर ठेवलेली ही अडवणूक होती, बाकीचं जुळेपर्यंत समोरच्याला धरून ठेवणारी. "थांब, मी बोलते. कनाला जातेस गं आये? मना सोडून जातेस? जा. पिशवी भर. पन विलासच्या बायकोच्या हातचा गोड चहा रोज पी, मंग माझ्याकडं रडत येव नको."

विलासनं लॅपटॉपकडे पाहिलं. मीही. आयेनं पाहिलं नाही. ती सरळ लेकीसमोर जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर मागे टाकला. "मी जाते बोलली? मी? तूच मुकी बसलीस इतके दिस, मना वाटलं तुला मी नकोच. आनि चहाचं काय बोलतेस गं, तुला काय फिका काडा पायजेल?" कुंदाताईंचं बोट चाललं. लॅपटॉपनं उत्तर दिलं. आयेनं त्याच्यावर आवाज चढवला. दोघी किती वेळ भांडल्या कोण जाणे, विलास तेवढ्यात जिना उतरून निघून गेला होता. कुंदाताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोट थांबत नव्हतं.

कुंदाताई पावसाळ्यानंतर गेल्या. शेवटी शेवटी एका अंगठ्यावर सगळं चालायचं, पण चालायचं. दिवसकार्याला गावातल्या बायका आल्या. आयेचा हात हातात घेऊन एक जण म्हणाली, "बिचारी कुंदा. वरीसभर तोंडातून एक शबुद नाय निघला."

आयेनं हात सोडवून घेतला. "कोन बोलला तुला?" ती म्हणाली. "गेली त्या सकालपर्यंत माझ्याशी भांडत होती."