हौसाबाईची कडू बाटली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. चोरून ओढलेली विडी तिला माझ्या चालण्यावरून कळायची, पण हे कळलं नाही. की कळलं होतं आणि ती गप्प राहिली? आता विचारायला तीही नाही.

गोष्ट दारूची आहे, तेव्हा तुम्ही आधी नाक मुरडाल. मुरडा. मलाही आज तेवढं जमलं असतं तर बरं झालं असतं.

नव्वदीच्या दशकात मी शहापूरला एका भातगिरणीत मुकादम होतो, राहायला सापगावला. गाडीतून भात उतरलं की मूठभर घ्यायचं, तळव्यावर चोळायचं, नाकाशी न्यायचं आणि सांगायचं — हे यंदाचं, हे गेल्या सालचं, ह्याच्या कणगीला ओल लागलेली. चुकलो नाही कधी. मालक माझ्या नाकावर भाव ठरवायचा. आणि मला त्याचा माज होता. माजच म्हणतो, सभ्य शब्द कशाला शोधू?

रविवारी आम्ही तिघं एका स्कूटरवर बसून मुरबाडच्या अंगाला एका ठाकरवाडीत जायचो. स्कूटर शाळेतल्या सावळा मास्तरांची, चालवायचे तेच. मधे मी, मागे दिनू — तो आसनगावचा, रोज कुर्ल्याला वर्कशॉपात जाणारा. वाडीत हौसाबाई होती. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी, सुमन. हौसाबाई मोहाची गाळायची. कायद्याला ते चालत नव्हतं, आम्हाला चालत होतं.

आणि काय गाळायची! जांभळाच्या दिवसांत जांभळाची. कधी बडीशेप घालून. पण खरी तिची साधी मोहाची. पेला रिकामा झाला तरी तो नाकाशी धरून बसावंसं वाटायचं, पहाटे झाडाखाली फुलं वेचायला गेल्यासारखं. शिवाय कोनाड्यात एक बाटली असायची, गुळवेलीचे तुकडे भिजत घातलेली. कडूजहर. ती तापकऱ्यांसाठी, औषध म्हणून.

तिचा एक नेम होता, तिच्या आईपासून आलेला. भट्टीवर बसणाऱ्याने आपल्या धारेचा निवाडा करायचा नाही. धूर खाऊन खाऊन त्याचं नाक मेलेलं असतं, म्हणायची. मग चार थेंब देवाच्या नावाने जमिनीवर सोडून ती पहिला पेला माझ्या हातात द्यायची. "भाऊ, सांगा." मी हुंगायचो, डोळे मिटायचो — नाटकं थोडी जास्तच करायचो — आणि सांगायचो. मी 'बरी' म्हटलं तरच बाटल्या भरायची. वाडीतल्या म्हाताऱ्यांना सोडून तिने हा मान मला दिला होता. का दिला असेल? मी त्या लायकीचा होतो तेव्हा. खरंच होतो.

मग एका पावसाळ्यात मला ताप आला. बारा दिवस होता. उठलो, अंगणात येऊन बसलो. बायको पलीकडे चुलीवर सुकट भाजत होती. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "आज सुकट का गो?" — आणि मी तिथे चार हातांवर बसून चमकलो. मला सुकट कळली नव्हती. सुकट! मी उठून तव्यावर वाकलो. डोळ्यांना धूर झोंबला. वास नाही.

महिनाभर वाट पाहिली. आला नाही. आजवर आलेला नाही.

मी सांगितलं नाही. गिरणीत दाणा दाताखाली फोडून, रंग बघून वेळ मारून नेऊ लागलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. नाकाचंही आणता येतं, हे मला तेव्हा कळलं. आणि इतकं सोपं असतं म्हणून सांगू — लोक तुमच्या तोंडाकडे बघतात, नाकात काय गेलं ते कोण बघतं?

वाडीत मात्र पंचाईत झाली. तिची मोहाची तोंडात घेतली — गरम पाणी आणि घशाला आग. एवढंच. मी मान हलवली, 'बरी' म्हटलं. ती म्हणाली, "अजून अशक्त दिसताव भाऊ, ही घ्या," आणि गुळवेलीची पुढे केली. कडू! जिभेला कडू कळलं. इतक्या दिवसांनी काहीतरी कळलं. मला रडू यायचंच बाकी होतं. मी म्हटलं, "हौसाबाई, ही तुझी खरी."

इथून ते सुरू झालं. पुढच्या रविवारी तिने गुळवेलीची मुद्दाम जास्त ठेवली. मी तीच मागितली, तीच वाखाणली. तिने बडीशेपेची सोडली. पुढच्या साली जांभळं झाडाखाली सडली. साधी मोहाचीही बंद झाली, गाळेल त्यात गुळवेल.

दिनू वैतागला. "दर संडेला तेच! कडू, कडू आणि कडू. हौसाबाय, दुसरी काय काढतच नाय का तू?" मास्तरांचं म्हणणं, गुळवेल हवी तर असावी, पण दहांत एक. बाकी नऊंत मोहाचं फूल लागलं पाहिजे. मी त्यांना वेड्यात काढायचो. गोड कुणालाही आवडतं, कडवटाला जाण लागते, असली वाक्यं मी फेकायचो. तासन् तास चालायचं. ओसरीवर तीन टाळकी, मधे पेले, आणि हौसाबाई दाराच्या चौकटीला टेकून कोण जिंकतो ते ऐकत. तिच्यासाठी ती गंमत नव्हती, पुढच्या आठवड्याला काय गाळायचं ते तिथे ठरत होतं. दर वेळी मीच जिंकायचो. मास्तर एकदा निघताना हळूच म्हणाले, "बाईचा हात फुलाचा आहे. तुम्ही तो वाया घालवताय." मला ते लागलं, कारण खरं होतं. मी त्यांच्याशी महिनाभर नीट बोललो नाही.

अशी दोन वर्षं गेली. मग सुमनचं जुळलं. मुलगा मुरबाडजवळ कारखान्यात कामाला, सरळ. सुमनच्या मनात होता, तो वाडीवर आला की ती विनाकारण हंडे घासायला बसायची.

ठाकरांत लग्नाचा बोल पक्का होताना मुलीकडच्यांनी घरची गाळलेली द्यायची असते. पहिला पेला मुलाच्या घरच्या वडीलधाऱ्याने घ्यायचा. तो प्यायला की पोर त्यांची झाली. त्या दिवसासाठी हौसाबाईने दोन वर्षांनी साधी मोहाची गाळली. निवडून वेचून वाळवलेली फुलं राखून ठेवली होती तिने. पाहुणे दुपारी यायचे होते. मला सकाळीच बोलावलं. मास्तर मागाहून येणार होते.

चार थेंब जमिनीवर पडले. "भाऊ, सांगा. हात मोडलाय माझा, इतक्या दिसांनी केली."

मी पेला नाकाशी नेला. डोळे मिटले. काही नाही.

काय चाललं होतं माझ्या डोक्यात? हेच — फुलांना बुरशी लागलेली असली तर? मडकं वाशेळं असलं तर? मी 'बरी' म्हणायचं आणि दुपारी चारचौघांत कुणी तोंड वाकडं केलं, तर माझं काय राहील? सुमनचं काय होईल हे मनात आलंच नाही, माझं काय होईल एवढंच आलं. कडवीची मात्र मला खात्री होती.

मी म्हटलं, "हिच्यात जीव नाही, हौसाबाई. कडू दे."

"आजच्या दिसाला कडू? खरं सांगताव?"

"मी कधी चुकलोय?"

ती मडकं उचलून घरामागे गेली आणि कुडाजवळ ओतू लागली. शेजारच्या अंगणात नाचणी पाखडणाऱ्या बाईचे हात थांबले. "काय वास सुटलाय गो!" मास्तर तेवढ्यात स्कूटर लावून येत होते, ते वाटेतच उभे राहिले. मोहाचे दिवस नव्हते, तरी ते मान वर करून झाडं शोधत होते. मी पाहत होतो, मला फक्त ओली माती दिसत होती.

हौसाबाई मडकं तिरपं धरून थांबली. माझ्याकडे बघितलं. तळाला अजून होती. दहा-बारा पेले निघाले असते, बोलापुरती पुरली असती. एक शब्द बोलायला हवा होता मी.

"वासाचं सोड," मी म्हटलं. "घशात उतरत नाही."

तिने राहिलेली ओतली.

दुपारी मुलाच्या चुलत्याने पेला तोंडाला लावला आणि बाजूला थुंकला. "पोर देताव का काढा पाजताव?" म्हणाला. भांडण झालं नाही. त्यांनी आपापले पेले जमिनीवर पालथे घातले आणि उठले. पहिला घोट कडू तर पुढचं सगळं कडू, असं त्यांच्यात मानतात. हे मला ठाऊक नव्हतं असं सांगू? ठाऊक होतं. मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. परत ते माझ्याबरोबर वाडीला आले नाहीत.

सुमनला पुढे एका बिजवराला दिली. नंतर ती त्याच्याबरोबर वीटभट्ट्यांवर फिरत असते असं ऐकलं. कुठल्या, ते मी विचारलं नाही.

हौसाबाईने गाळणं सोडलं. आणि ती मला दोष देत नव्हती हो! वाडीभर सांगत होती, माझाच हात गेला, देवानं काढून घेतला. शेजारणी म्हणायच्या, अगं केवढा वास सुटला होता. तर ही म्हणायची, तुमाला काय कळतंय, भाऊंनी सांगितलं.

तिचा हात शेवटपर्यंत शाबूत होता. गेलं होतं ते माझं नाक, हे एकट्या मला ठाऊक होतं. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. माफी मी तिच्याकडे मागितली नाही, तेव्हा तुमच्याकडे कुठल्या तोंडाने मागू?

ती असताना एकदा गेलो होतो. एकटाच, एसटीने, सगळं सांगायचं ठरवून. ती ओसरीवर वाल सोलत होती. बसा म्हणाली. थोड्या वेळाने, खाली बघतच, तिने विचारलं, "भाऊ, तुमी सगळ्यात जाणकार. माझा हात कशानं गेला असंल?"

दुसरं कुणी नव्हतं तिथे. मी तोंड उघडलं.

"वय झालं की होतं असं," मी म्हटलं.

ती 'व्हय' म्हणाली आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली.